काढून टाकलेली हाक

“मग यातलं खरं कोणतं, अब्बा?”

विचारणारा थिओनस अलेक्झांड्रियात शिकलेला, लेखणीचा धनी. नाईल नदीच्या पलीकडच्या वाळवंटातल्या ख्रिस्ती मठात तो नुकताच आला होता. वृद्ध अब्बा हारून त्याचे गुरू.

ख्रिस्ताचं चरित्र चौघांनी लिहिलं होतं. त्या चौघांचं मिळून एकच सलग चरित्र करायचं थिओनसने मनावर घेतलं होतं. क्रूसापर्यंत सगळं सुरळीत जुळलं. तिथे मात्र तो अडला.

“दोघे लिहितात, देवाने मला का टाकलं, असा त्याने टाहो फोडला. तिसरा लिहितो, त्याने निवांतपणे आपला प्राण पित्याच्या हाती दिला. चौथा म्हणतो, काम पुरं झालं असं बोलून त्याने मान टाकली. माणूस एक, मरण एक...”

अब्बा खजुराच्या झावळ्या पाण्यात भिजवत होते.

“तू काय केलंस?”

“टाहो काढून टाकला. प्रभूला तो शोभत नाही. शहरातले पंडित हसतात आपल्याला. म्हणतात, तुमचा देवच देवाला हाका मारतो.”

अब्बांनी एक भिजलेली झावळी उचलली आणि टोपली विणायला घेतली.

दुपारी नोन्ना आली. नदीकाठच्या गावातली विणकरीण. तिची एकुलती एक मुलगी, इरीनी, तापाने गेली होती. मातीला गावातले सगळे आले होते. नोन्नाच्या डोळ्यांतून मात्र अजून टिपूसही आलं नव्हतं.

ती भिंतीला टेकून बसली.

“अब्बा, काहीतरी ऐकवा. घरात बसवत नाही.”

अब्बांनी थिओनसकडे पाहिलं. “तू लिहिलंयस ते वाच.”

थिओनसला मनातून बरं वाटलं. त्याने क्रूसाचा भाग काढला आणि खड्या आवाजात वाचला. भाषा खरोखरच देखणी होती. त्याचा ख्रिस्त क्रूसावर असा होता, जसा राजा सिंहासनावर.

वाचन संपलं.

“त्याची आई होती तिथे?” नोन्नाने विचारलं.

“होती.”

“आणि तिच्यादेखत तो असा गेला? शांत?”

“अगदी शांत.”

“बरं झालं बाई तिचं...”

ती उठली. पदर सावरून दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

“इरीनी शांत नाही गेली, अब्बा. शेवटी शेवटी नुसती ओरडत होती. आई, तू कुठेयस? मला सोडून का गेलीस? सारखं तेच... आणि मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिचं तोंड माझ्या छातीशी होतं. सांगत होते, अगं मी इथेच आहे. तिला ऐकूच जात नव्हतं.”

तिने दाराची चौकट धरली.

“असं ओरडत गेलेल्या लेकराला देवाघरी घेतात का हो?”

प्रश्न अब्बांना होता. अब्बा मात्र थिओनसकडे पाहत होते.

थिओनसच्या हातातली पानं खाली आली.

“ताई...” तो म्हणाला. “तोही ओरडला होता.”

“कोण?”

“प्रभू. मी वाचलं नाही ते. मी... गाळलं होतं. तोही मोठ्याने ओरडला. देवा, मला का टाकलंस म्हणाला.”

“त्याची आई असताना?”

“हो.”

नोन्ना होती तिथेच, उंबऱ्यावर खाली बसली. तोंडात पदर कोंबला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि इतके दिवस अडलेलं रडू बाहेर पडलं. मठाच्या अंगणात कामं करणारे साधू हातातलं टाकून उभे राहिले.

अब्बा काठी टेकत गेले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. थिओनसला काय करावं कळेना. तोही जवळ जाऊन बसला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले.

“आणि त्याचा बाप, तो आकाशातला?” तिने थिओनसला विचारलं. “पोरगं असं हाका मारत होतं, तेव्हा बापाचं काय झालं?”

थिओनसने आठवून पाहिलं. चौघांचंही लिखाण त्याला मुखोद्गत होतं.

“त्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही, ताई.”

तो गुरूंकडे वळला. “अब्बा... काय झालं असेल?”

अब्बांनी नोन्नाच्या डोक्यावर हात ठेवला.

“ते तू सांग आम्हाला, पोरी.”