लिन श्यूचं यंत्र

"मग ती चोर आहे की नाही, भन्ते? एवढंच सांगा."

भन्ते सुमेध डोंग्याचा दोर सोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"बस," ते म्हणाले. "पलीकडच्या वस्तीनं माझ्यासाठी जेवण केलंय. सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचायला हवं. दुपारनंतर आम्हा भिक्खूंना खाता येत नाही."

प्रियदर्शी खोब्रागडे महागडे बूट सांभाळत डोंग्यात बसला. थंडीचे दिवस. तळ्यावर असं दाट धुकं उतरलं होतं, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. कमळाची पानं मध्येच वर यायची, पुन्हा पुसली जायची.

याच तळ्याच्या काठी, भन्तेंच्या समोर मांडी घालून, तो लहानपणी पाढे शिकला होता. आता तो कॅलिफोर्नियातल्या एका बड्या कंपनीत मोठा अधिकारी होता. सिलिकॉनच्या चकत्यांवर केसाहून बारीक नक्षी कोरणारी यंत्रं ही कंपनी बनवायची. साऱ्या जगाचे संगणक, फोन त्या नक्षीवर चालायचे.

"ती म्हणजे कोण?" वल्हं मारता मारता भन्तेंनी विचारलं.

"लिन श्यू. शांघायची. आमची यंत्रं तिच्या कारखान्यात होती. मी तिला शिकवलं. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं कसं ओळखायचं, तेसुद्धा."

"चांगली शिकली?"

"माझ्याहून चांगली."

पाणी चुबुकचुबुक वाजत राहिलं.

"यंत्र एकदाच विकलं जातं, भन्ते. खरा नफा त्यानंतरचा. सुटे भाग, दुरुस्ती... चीन आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. वाटायचं, हे कुठं जाणार? आमच्यावाचून यांचं पान हलणार नाही. मग अमेरिकेच्या सरकारनं चीनला माल विकायला बंदी घातली. आम्ही भाग पाठवणं थांबवलं. तिची यंत्रं एकेक करून बंद पडली."

"मग?"

"मग तिनं स्वतःचं यंत्र बनवलं."

भन्तेंनी वल्ह्यात अडकलेलं कमळाचं पान सोडवलं.

"आता चीनमध्ये आमचं कुणी घेत नाही. उद्या ते दुसऱ्या देशांना विकतील, तेही स्वस्तात. कंपनीचा नफा असा घसरलाय, की लोकांना घरी पाठवावं लागणार आहे. वकील म्हणतात, कोर्टात सांगा, लिननं आमची विद्या चोरली. माझी साक्ष झाली, की तिच्या यंत्राला बाहेरचे बाजार बंद. कंपनी वाचेल."

"आणि तुला काय वाटतं?"

प्रियदर्शी धुक्याकडे बघत राहिला.

लिननं त्याला फोनवर एक आवाज पाठवला होता. सोबत दोन ओळी. सर, आज आमचं यंत्र चाललं. तुम्हीच आधी ऐकावं असं वाटलं. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं. डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. ती गुणगुण त्याच्या यंत्राची नव्हती. आत काहीतरी निराळंच फिरत होतं, जे त्याला कधी सुचलं नव्हतं. आताही ती गुणगुण पाण्याखालून येतेय असा त्याला भास झाला. पांढऱ्या अंगरख्यातली लिन कमळांपलीकडे कुठंतरी मान कलती करून ऐकत उभी असावी...

"यंत्र तिचं आहे," तो म्हणाला. "पण विद्या माझी होती ना, भन्ते?"

वल्ह्याचा आवाज थांबला.

भन्तेंनी वल्हं डोंग्यात आडवं ठेवलं आणि हात अंगावरच्या चिवरात घेतले.

"थांबलात का?"

"थकलो."

"मला वल्हवता येत नाही."

"ठाऊक आहे."

डोंगा हळूहळू गोल फिरू लागला. काठ कुठल्या बाजूला, तेही कळेना. धुक्यामागे सूर्याचा फिकट ठिपका वर वर सरकत होता.

"भन्ते, तुमचं जेवण हुकेल."

भन्तेंनी डोळे मिटले होते.

प्रियदर्शीनं चिडून वल्हं उचललं. पहिल्या फटक्याला तोंडावर पाणी आलं. दुसऱ्याला डोंगा उलटाच फिरला. त्यानं कोट काढला, बूट काढले. भन्ते वल्हं खोल न घालता पाण्याला नुसतं चाटून नेत होते, हे मघा बोलताना त्यानं पाहिलं होतं. तसं करून बघितलं. जमलं नाही. मग त्यानं हात थोडा खाली धरला, खांदा वळवला. भन्ते तसं करत नव्हते. त्याच्या खांद्याला तसं सोपं गेलं.

डोंगा सरळ झाला.

कुठूनतरी कुत्रं भुंकलं. चुलीच्या धुराचा वास आला. प्रियदर्शी त्या वासाच्या रोखानं वल्हवत राहिला, आणि किती वेळानं कोण जाणे, डोंग्याचं नाक चिखलात रुतलं.

"आलो!" तो लहान मुलासारखा ओरडला. "भन्ते, आलो आपण! मी आणलं!"

भन्तेंनी डोळे उघडले.

"कुणाकडून शिकलास?"

"तुमच्याकडे बघून. पण नंतर मी माझ्या पद्धतीनं..."

तो बोलता बोलता थांबला. मग अनवाणीच घोट्यापर्यंत चिखलात उतरला आणि डोंगा काठावर ओढला.

भन्ते जेवायला गेले. वेळेत पोचले. ते परतले तेव्हा धुकं विरळ झालं होतं आणि प्रियदर्शी काठावरच्या दगडावर बसून फोनवर बोलत होता.

"ती माझ्याकडून शिकली," तो वकिलाला सांगत होता. "पण यंत्र तिचं तिनं केलंय. कोर्टात मी हेच सांगेन... हो, कंपनीचं काय होईल ते कळतंय मला... माझंही."

फोन ठेवून त्यानं दोन शब्द टाइप केले आणि लिनला पाठवले. आवाज सुरेल.

मग त्यानं भन्तेंकडे बघितलं. चेहरा उतरला होता.

"चीनची गिऱ्हाइकं आता आमच्याकडे परत यायची नाहीत, भन्ते. ज्याला आपली गरजच उरली नाही, त्याच्यापासून आपल्याला काय मिळणार?"

भन्ते डोंग्यात चढले. वल्ह्याजवळची आपली रोजची जागा सोडून ते पुढच्या टोकाला जाऊन बसले. चिवर नीट केलं. उन्हात हळूहळू उघडत जाणाऱ्या पाण्याकडे तोंड केलं.

"तू वल्हव," ते म्हणाले. "इतकी वर्षं ये-जा केली, पण वल्हवण्याच्या नादात हे तळं बघायचंच राहून गेलं."