भेगेच्या तोंडाशी

आपल्याला गळती थांबवायची नसते. ती दिसेनाशी झाली की पुरते. भिंतीला ओल आली की आपण रंग लावतो, प्रश्न आला की उत्तर फेकतो, आणि दोन्ही वाळायच्या आत पुढे निघतो. हे कोणाला उद्देशून, असे विचारू नका. ज्याला लागेल त्याला.

एकदा एक वृद्ध अभियंता आपल्या तरुण शिष्यासह डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर होता. बोगद्याच्या छतातली एक भेग पाझरत होती. तिच्यात सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण, म्हणजे ग्राऊट, पंपाने भरायचे काम शिष्याकडे होते. त्याने मिश्रणात लवकर घट्ट करणारे रसायन सढळ हाताने घातले. थोड्याच वेळात पंपाचा दाब चढला आणि पाझर थांबला. आता सुरुंगासाठी भोके पाडायला सयाजी ड्रिलर त्याच छताखाली उभा राहणार होता. तो रेनकोट घालून आला.

"अहो सयाजीराव, छत कोरडं आहे!" शिष्य हसला.

"असू दे की साहेब. अंगात राहिला तर काय ओझं होतंय?"

वृद्धाने काम थांबवले आणि चहाच्या टपरीवरून साखर मागवली.

"सर, चहा तर आत्ताच झाला."

"तुझा झाला. सिमेंटचा राहिलाय."

भेगेच्या जागी म्हणून त्याने दोन बाटल्यांत खडी भरली. एकीत शिष्याचे मिश्रण ओतले, दुसरीत साधे ग्राऊट चिमूटभर साखर घालून.

"साखरेनं सिमेंट बिघडतं, सर. पहिल्याच वर्षाला शिकवतात."

"जास्त झाली तर बिघडतं. एवढीनं नुसतं थबकतं. थांब जरा."

थांबणे शिष्याला जमत नसे. तो रोज बाटल्यांपाशी जाई. साखरेची बाटली ओलीच दिसे आणि तो चरफडत परते. अखेर तीही घट्ट झाली, तेव्हा वृद्धाने दोन्ही कापायला सांगितल्या. पहिलीत वर दगडासारखे झाकण बसले होते. ते फुटताच खालची खडी खळखळत जमिनीवर सांडली. दुसरी तळापर्यंत एकसंध होती.

"पंपाचा दाब का चढला होता?" वृद्धाने विचारले.

"भेग भरली म्हणून..." शिष्य मध्येच थांबला. त्याने छताकडे पाहिले, मग सयाजीकडे. "नाही. तोंड बंद झालं म्हणून."

"आणि पाणी त्या झाकणामागे साठत राहिलं. सुरुंगाच्या एका हादऱ्यानं ते खाली आलं असतं. अरे, तुझं रसायन वाईट नाही. त्याची जागा शेवटी, तोंडाशी. आधी आतपर्यंत पोचेल असं पातळ आणि सावकाश आळणारं मिश्रण द्यायचं. जे वाटेतच घट्ट होतं, त्याला खोली कळत नाही. माणसाच्या मताचंही तेच."

मग छताला दुसऱ्या बाजूने भोके पाडून साठलेले पाणी काढून दिले. साखर अर्थात टपरीवर परत गेली. आळणे लांबवणारे आणि प्रवाहीपणा वाढवणारे योग्य रसायन शिष्याने स्वतः मोजून घातले. एका भोकाला जोडलेला पंप बराच वेळ चालला. दाब चढेना. शिष्य घड्याळाकडे पाही आणि पुन्हा मान वर करी. अखेर दूरच्या एका भोकातून करडे ग्राऊट डोकावले, तेव्हा कुठे त्याने लवकर घट्ट होणाऱ्या मिश्रणाने तोंडे बंद केली. पुरेसा वेळ देऊन तपासणीसाठी नवे भोक खोलवर पाडले. त्यातून कोरडी धूळ आली.

सयाजीने ती बोटांवर चोळली, रेनकोट काढून मशीनवर टाकला आणि म्हणाला, "साहेब, आता मात्र यात उकडायला लागलं."