दोघांच्या डब्यांमधली जागा

फार जुनी गोष्ट नाही. एका गावात एकच कर्णा होता आणि त्याचे मालक दोन होते. एक पिराजी कुंभार आणि दुसरा दस्तगीर मुलाणी. दोघं एकाच वर्गात नापास झाले, एकाच विहिरीत पोहायला शिकले. पुढे दोघांनी मिळून आवाजाचं एक मशीन, एक माइक, तबकड्यांची एक पेटी आणि हा कर्णा घेतला. सायकल पिराजी चालवायचा. मागे दस्तगीर बसायचा, मांडीवर मशीन आणि डोक्यावर कर्णा घेऊन. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, पितळी टोपी घातलेला कुणी सरदारच निघालाय स्वारीवर.

आता तसे कर्णे राहिले नाहीत आणि तशी लग्नंही राहिली नाहीत. लग्नघरी पोचलं की कर्णा लिंबाच्या फांदीला बांधायचा. त्यातून पहिलं ‘हॅलो, हॅलो’ निघालं की शिवारात खुरपणाऱ्या बायका पदर झटकून उठायच्या. गाणारी बाई केवढीही नावाजलेली असो, त्या कर्ण्यातून ती पडसं झाल्यासारखीच गायची. पण काय गोड लागायचं ते! त्याच कर्ण्यातून पहिल्या पंगतीची हाक जायची, रुसलेल्या मामाला मांडवात बोलावलं जायचं, आणि अधूनमधून कुणाची तरी हरवलेली शेळी सापडायची. खरंच सांगतो, त्या आवाजाची आठवण आली की अजून जीव थोडा कासावीस होतो.

दोघांचं काम वाटलेलं होतं. पिराजी जोडणी करायचा आणि दस्तगीर माणसांत जाऊन ऐकायचा. तारा त्या काळी दोन्ही एकाच रंगाच्या असत, त्यामुळे कुठली तार कुठे लावायची याचा घोळ व्हायचा. त्यावर दस्तगीरनं तोड काढली. एका तारेला दोऱ्याची गाठ मारून ठेवायची. गाठीची तार कर्ण्यावरच्या लाल खुणेला आणि बिनगाठीची काळ्या खुणेला. डोळे मिटूनही चूक होत नसे.

मग कर्ण्याचे दिवस सरले आणि स्पीकरच्या मोठमोठ्या डब्यांचे आले. लोकांना आता नुसता आवाज ऐकून भागेना, तो अंगावर यायला हवा होता. दोघं शहरातल्या दुकानात डबे निवडायला गेले. पिराजी कपाटाएवढ्या डब्यासमोर उभा राहिला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, “दस्तगीर, हे बग. पोटात घुमतंय!”

दस्तगीर लहान डब्यासमोर उभा होता. “पोटात घुमवून काय करायचंय? ह्यात शब्द कळतोय. लोकं गाणं ऐकाय येत्यात, का पोट तपासून घ्याय?”

दुकानदारानं एकदा चहा पाजला, दोनदा पाजला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंसुद्धा नाही. वाद डब्यांवरून सुरू झाला आणि वाटेत कुठेतरी माणसांवर आला. पिराजी तापट होता. तो बोलून गेला, “तुला मोठं काय झेपतच न्हाय. जलमभर सायकलीच्या मागंच बसलास, तसाच बस!”

दस्तगीर परतीच्या गाडीत पिराजीबरोबर बसला नाही. त्या आठवड्यात भागीदारी मोडली. कर्णा देवळाला देऊन टाकला. पिराजीनं मोठे डबे घेतले, दस्तगीरनं आपल्या पसंतीचे घेतले. दोघांचे दोन टेम्पो झाले आणि गावाची दोन अर्धी झाली. अर्धं गाव याला बोलवायचं, अर्धं त्याला.

पिराजीनं मनाशी ठरवलं, दस्तगीरची कुठलीच रीत आता पाळायची नाही. म्हणून त्यानं गाठीची तार मुद्दाम काळ्या खुणेला लावायला सुरुवात केली. आता गंमत ऐका. एकट्याचे सगळेच डबे उलटे जोडले तर कुणाला काही कळत नाही. गाणं तसंच वाजतं, वऱ्हाड तसंच नाचतं. अशी चूक उघडी पडायला शेजारी दुसऱ्या कुणाचा डबा असावा लागतो. आणि पिराजीच्या शेजारी तर आता कुणीच नव्हतं. त्यामुळे आपलं बरोबरच आहे असं त्याला वाटत राहिलं आणि वर्षं निघून गेली.

पिराजीला एक मुलगी होती, जयमाला. लहानपणी ती दस्तगीरच्या खांद्यावर बसून लग्नं बघायची आणि त्याला चाचा म्हणायची. अबोला बापांचा होता. ती मात्र ईदला चाचाकडे जायची आणि दिवाळीला फराळाचं ताट नेऊन द्यायची. तिचं लग्न ठरलं. शेवटची मंगलाष्टका तिची आई पारूबाई स्वतः म्हणणार होती. ती तिनं स्वतःच रचली होती. पारूबाईचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. चुलीपाशी बसून गायली की शेजारच्या घरात कामं थांबायची. पण माणसांत ती कधी गायली नव्हती. ती गाणार होती ते फक्त लेकीसाठी.

जयमालानं बापाला सांगितलं, “आबा, मांडवाच्या उजव्या अंगाला तुमचं डबं आणि डाव्या अंगाला चाचाचं. न्हायतर काहीच नको. आई नुसती म्हणंल. मला एकटीला ऐकू आलं तरी बास.”

पिराजीनं खूप डोळे वटारले. पण वटारलेल्या डोळ्यांना भिणारी ती मुलगी नव्हती. शेवटी त्यानं मान हलवली. दस्तगीरलाही तिनंच जाऊन सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “तू म्हणतीस म्हणून येतो. त्याच्याशी मला बोलाय लावू नकोस.”

लग्नाच्या दिवशी दोघंही आले आणि आपापल्या बाजूला डबे मांडू लागले. गाणं देणारं यंत्र मात्र मधे एकच होतं, त्यातूनच दोन्हीकडे तारा जाणार होत्या. आता बोलल्याशिवाय जोडणी कशी व्हायची? पिराजी मांडवाच्या खांबाकडे बघून म्हणायचा, “माजी तार मागनं जानार हाय.” पलीकडून दस्तगीर दुसऱ्या खांबाला सांगायचा, “मग माजी म्होरनं नेतो.” लेकी बोले सुने लागे, तशातली गत. त्या दिवशी त्या खांबांना जेवढं कळलं, तेवढं आयुष्यात कळलं नसेल.

जोडणी झाली. मुहूर्त गोरजाचा होता आणि उन्हं कलली होती. पारूबाईनं माइक हातात धरून एक ओळ म्हणून पाहिली. पिराजी आपल्या डब्यांपाशी उभा होता, त्याला आवाज उत्तम वाटला. दस्तगीर आपल्या डब्यांपाशी होता, त्यालाही उत्तम वाटला. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बिघाड असलाच तर तो पलीकडच्या डब्यात, याबद्दल दोघांचं न बोलताही एकमत होतं.

पण जयमाला मधोमध होती, जिथे बोहलं होतं तिथे. तिला आईचा आवाज ओळखूच येईना. शब्द ऐकू यायचे, पण त्यातला जाडपणा, त्यातली ऊब कुठेतरी गळून गेली होती. दोन्हीकडून एवढे डबे बोलत होते आणि मधे आवाज मात्र फोलपटासारखा पोकळ येत होता. आईनं एकदाच गायचं आणि तेही असं? तिचे डोळे भरून आले. ती मोठ्यानं म्हणाली, “आबा, चाचा, दोघं बी हिकडं या. हितं, माज्याजवळ हुबं ऱ्हावा.”

दोघं आले. एक तिच्या उजवीकडे थांबला, एक डावीकडे. पारूबाईनं पुन्हा ती ओळ म्हटली आणि दोघांच्याही माना खाली गेल्या. कान दोघांचेही जाणते होते. डब्याच्या आतला कागदी पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा आवाज होतो. एका बाजूची तार उलटी लागली की एक डबा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. मग मधे उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला खालच्या पट्टीतलं काहीच येत नाही. दोघांचीही ताकद एकमेकांना खाण्यात जाते.

पिराजीला कळलं, ही चूक आपली. पण भर मांडवात ती कबूल कशी करायची? गुपचूप जाऊन तार सरळ करावी, म्हणजे बोलायलाही नको.

दस्तगीरलाही कळलं, पिराजीनं गाठीची रीत मोडली आहे. पण त्यानं विचार केला, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. हा काही आपली तार फिरवणार नाही. लग्न आपल्याच पोरीचं आहे, आपणच फिरवावी.

दोघं दोन बाजूंना गेले. डब्यांमागे वाकले, काहीतरी खुडबुड केली आणि हात झटकत परत आले. दोघांच्याही चेहऱ्यावर मोठं मन केल्याचं समाधान होतं. पारूबाईनं ओळ म्हटली.

आवाज होता तसाच. तस्साच पोकळ. दोघांनीही तार फिरवली होती, म्हणजे कुणीच फिरवली नव्हती.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं. भटजी घाईला आले होते. “अहो, मुहूर्त टळतोय. सावधान म्हणू की नको?” ते ऐकताच दोघंही पुन्हा आपापल्या डब्यांकडे वळले.

“थांबा!” जयमाला ओरडली. “आता परत दोघं बी पळाला, तर माजी वरात म्हातारपणीच निघंल. एकानं फिरवायचं, एकानं गप ऱ्हायचं. कुनी काय करायचं ते एकमेकास्नी इचारा. मला न्हाय, आन् त्या खांबाला तर न्हायच न्हाय.”

आचाऱ्यानं हातातली पळी खाली ठेवली. डबे उचलताना कधी लागला नव्हता एवढा दम पिराजीला लागला होता. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला,

“दस्तगीर.”

“काय?”

“तू फिरवलीस व्हय?”

“व्हय. आन् तू?”

“मी बी.”

दस्तगीरच्या मिशीखाली हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. “मग आता?”

पिराजी खाली बघत म्हणाला, “तू पयल्यांदा लावलीवतीस तीच जोडनी बरुबर. तुजी रीत बरुबर हुती, उलटं मी लावत हुतो. तू तुजी तार पयल्यागत कर. मी माज्या तारेला आता हात लावत न्हाय, हितंच हुबा ऱ्हातो.” जरा थांबून तो पुढे म्हणाला, “आन् दुकानात त्या दिवशी जे बोललो, ते चुकलंच माजं.”

“चुकलंच हुतं,” दस्तगीर म्हणाला. “बोलाय लई वर्सं लावलीस, पिरा. आता सर बाजूला, मुहूर्त चाललाय.”

त्यानं जाऊन तार पहिल्यासारखी केली. अंतरपाट धरला गेला, भटजींची मंगलाष्टकं झाली आणि मग पारूबाई गाऊ लागली. तो जाड, ओलसर आवाज मांडवभर पसरला आणि बोहल्यावर उभ्या असलेल्या लेकीपाशी येऊन थांबला. तिच्या मंगलाष्टकेत मामाचं नाव आलं, मावशीचं आलं, आत्याचं आलं. शेवटच्या ओळीत दस्तगीरचाचाचंही आलं. ती ओळ तिनं कालपरवा जोडली नव्हती. जयमालाचं लग्न ठरलं, तेव्हा घरात त्या माणसाचं नावही निघत नव्हतं, आणि तेव्हाच तिनं ती रचली होती.

दस्तगीर अजून डब्यांमागेच होता. तिथेच खाली बसून तो बाहीनं डोळे पुसत होता. पिराजी तिकडे गेला आणि त्याच्या हातात मूठभर अक्षता ठेवल्या.

“ऊठ की,” तो म्हणाला. “पोरगी वाट बघतीया.”

तात्पर्य: मनातल्या मनात घेतलेली माघार समोरच्यापर्यंत पोचत नाही, मेळ बसवायचा असेल तर आधी तोंड उघडून एकमेकांना विचारावं लागतं.