सरकारांच्या चहातलं दूध

"पाचांतली एक जीप घेऊन जा. पण हात लावायचा नाही, किल्ली फिरवायची नाही, बॉनेट उघडायचं नाही. माझा चहा संपायच्या आत निवड. चुकलीस तर चालत परत," तुळाजीराव सरकार म्हणाले आणि त्यांनी कप उचलला.

यमुना लोखंडे ही जांभूळकड्याच्या बचाव पथकाची चालक. डोंगरात कुणाला साप चावला, कुणी दरीत अडकलं, की पथक धावायचं, आणि तेही खरोखर पायांनीच, कारण पथकाकडे गाडीच नव्हती. परवाच एका अडलेल्या बाईला झोळीतून चार तास चालत खाली आणलं होतं. बाई वाचली, पण थोडक्यात. आज यमुना सरकारांकडे जीप मागायला आली होती आणि रिकाम्या हाताने परतायची तिची तयारी नव्हती.

सरकारांनी पागेतल्या पाचही जुन्या जिपा धुऊन एकाच हिरव्या रंगात रंगवल्या होत्या. टायरसुद्धा काळे केले होते. रोज राबणारी कोण आणि नुसती वरातीत मिरवणारी कोण, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सरकार स्वतःवर भलतेच खूश होते.

यमुनाने जिपांकडे पाहिलंच नाही. ती सरकारांच्या कपाकडे बघत राहिली.

"चहा हवाय का?"

"नको सरकार. दूध कुठलं म्हणायचं?"

"आमच्या पठारावरच्या गोठ्यातलं. रोज सकाळी ताजं येतं."

"आठ दिवस पाऊस कोसळतोय. वाटेचा नुसता राडा झालाय. एखाद्या दिवसाचा खाडा झाला असेल ना?"

"खाडा?" सरकारांची मिशी फुरफुरली. "बिनदुधाचा चहा मी उभ्या जन्मात घेतला नाही."

"मग ज्या जीपमधून हे दूध आलं, ती मला द्या."

किटली घेऊन उभ्या असलेल्या आचाऱ्याने नकळत कोपऱ्यातल्या जीपकडे पाहिलं.

"अगं, ती सगळ्यांत जुनी. तिचं दार दोरीने बांधलंय," सरकार घाईने म्हणाले.

"दोरी आमच्याकडेही आहे, सरकार. पठारावर रोज चढणारी गाडी नव्हती."

"आणि उद्यापासून माझं दूध?"

"वाट तपासायला आम्ही रोज पठारावर जाणारच. येताना दूध आणू. पण गाडीत पेशंट असला, तर आधी दवाखाना. त्या दिवशी सरकारांनी काळा चहा घ्यायचा."

आचारी एकदम किटलीत डोकावू लागला. सरकार मात्र इतके हसले, की बशीत चहा सांडला.

"हिला किल्ली दे," ते आचाऱ्याला म्हणाले. "माझ्या गाडीचे नवे टायरही हिच्या जीपला चढवायला सांग. आणि दुपारी मला काळा चहा कर. आतापासून सवय झालेली बरी."