अकरा नवरदेव, एक नाव

पिंपळसोंड गावात एक भोळा प्रोग्रॅमर होता. सुदाम खरमाटे त्याचं नाव. गावातल्या मंगल कार्यालयासाठी तो पत्रिका आणि याद्या छापायचा प्रोग्रॅम लिहीत होता. त्याचा कोड शलाकाताई तपासायच्या. ताईंनी एकदा तरी "छान" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

कोड बघून ताई म्हणाल्या, "सुदाम, हे क, ख, ग काय आहे? नाव असं दे की वाचताच कळावं, आत काय आहे."

"बरं ताई."

सुदामने पाहुण्यांची यादी उघडली. दिनकरकाका, कुसुमआत्या. यावरून काय कळणार? त्याने नावं सुधारली. घरोघर पाकिटं गेली. 'चारदा जेवणारे काका.' 'रुसून बसणाऱ्या आत्या.' आत्या पाकीट वाचूनच रुसल्या.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मी कोडातल्या नावांचं बोलत होते. माणसांच्या नावांना हात नाही लावायचा. लोक लिहून देतील ते जसंच्या तसं."

"बरं ताई."

पुढचा अर्ज आला. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी वधूच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नंतर कळवतो'. सुदामने हात लावला नाही. पाचशे पत्रिका छापून झाल्या. चि. सौ. कां. नंतर कळवतो.

"डोळे उघडे ठेवावेत माणसाने," ताई म्हणाल्या. "खटकलं तर बदलावं." मग त्यांनी कोड पुढे ओढला. "हेच बघ. इथे वर, तिथे नवरदेव, खाली नवरामुलगा. एकाच गोष्टीला तीन नावं कशाला? एकच नाव ठरव आणि सगळीकडे तेच ठेव."

"बरं ताई."

त्याच आठवड्यात कार्यालयात सामूहिक विवाह होता. अकरा जोडपी. यादी सुदामकडे आली. अकराही जण नवरदेवच, नावं मात्र अकरा. सुदामला ते फार खटकलं.

मुहूर्तावर गुरुजींनी यादी हातात घेतली.

"चिरंजीव भालचंद्र."

भालचंद्र पुढे आला. पहिल्या नवरीने मान खाली घालून हार घातला.

"चिरंजीव भालचंद्र."

भालचंद्रही सरळ माणूस. नाव पुकारलं की पुढे यायचा. दुसरा हार पडला. तिसरा पडला. बाकीचे दहा नवरदेव मुंडावळ्या सावरत आपल्या नावाची वाट बघत राहिले. गुरुजी वाचत गेले.

पहिल्या रांगेतल्या ताई उठेपर्यंत भालचंद्र नाकापर्यंत झेंडूत बुडाला होता.

"सुदाम, काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलं तेच, ताई. एकही नाव वेगळं राहिलेलं नाही," सुदाम म्हणाला. मग त्याने जरा पुढे वाकून विचारलं, "वधूंची नावंही तशीच करू का?"