हेरवाडीच्या दौलूनं पाहुण्यांचं केलेलं स्वागत

भोगावतीच्या काठी हेरवाडी नावाचं गाव आहे, आणि त्या गावात दौलू नावाचा एक भोळा माणूस होता. घरी दोन म्हशी, बायको सारजा, लेक राजश्री आणि भाचा रणजित. रणजितची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हा दौलूनं त्याला घरी आणलं आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. रणजित मोठा झाला, गावातल्या कॉलेजात गेला आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोली झाला.

तेव्हापासून दौलूला दुसरं काही सुचेना. सकाळची धार काढली, दूध घातलं की तो मैदानावर. खेळ त्याला कळत नव्हता. भाचा तिथं उभा असतो एवढं कळत होतं.

दौलूचा एक गुण होता. सांगितलेलं तो विसरत नसे. कुणी शहाणपणाची गोष्ट सांगितली की तो मान डोलवायचा, खांद्यावरच्या टॉवेलाला एक गाठ मारायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वेळी तसंच करतो."

त्या वर्षी संघ चांगला जमला होता. कप्तान अवधूत वाऱ्यासारखा पळायचा आणि रणजित गोलमध्ये भिंतीसारखा उभा असायचा. संघाला शिकवणारे इंगवले सर म्हणाले, यंदा विद्यापीठाची ढाल गावात आली पाहिजे. गावात ढाल कधीच आली नव्हती. ती ठेवायला म्हणून ग्रामपंचायतीत एक कपाट मात्र आधीच रिकामं करून घेतलं होतं.

पहिल्या मॅचला सगळं गाव गेलं. थोड्या वेळानं रेफ्रीनं हेरवाडीच्या विरुद्ध शिट्टी मारली, तशी माणसं ओरडायला लागली. रेफ्री आंधळा आहे, म्हणाली. याला काही दिसत नाही, म्हणाली. शिकलेली माणसंसुद्धा तेच म्हणत होती.

दौलूला फार वाईट वाटलं. आंधळा माणूस एवढ्या पोरांच्या गर्दीत एकटा पळतोय, आणि हात धरायला कुणी जात नाही. नुसते ओरडतायत. तो उठला, म्हशी हाकायची काठी घेतली आणि सरळ मैदानात गेला. त्यानं काठी रेफ्रीच्या एका हातात दिली, दुसरा हात आपण धरला.

"सावकाश," दौलू म्हणाला. "पुढं खड्डा हाय."

रेफ्रीला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. तो गोंधळून चार पावलं गेलासुद्धा. तेवढ्यात पलीकडे अवधूतनं गोल मारला. तो गोल सगळ्या गावानं पाहिला, फक्त रेफ्रीनं पाहिला नाही, कारण रेफ्री तेव्हा खड्डा बघत होता. गोल धरला गेला नाही. मॅच कशीबशी बरोबरीत सुटली.

इंगवले सरांनी दौलूला बाजूला घेतलं आणि मैदानाची पांढरी रेघ दाखवली. काहीही होऊ दे, आभाळ कोसळू दे, पांढऱ्या रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं.

दौलूनं मान डोलवली, टॉवेलाला गाठ मारली. "पुढच्या वेळी तसंच करतो," म्हणाला.

दोन दिवसांनी सारजेनं चुलीवर दूध ठेवलं. घरात मुंग्या झाल्या होत्या म्हणून स्वयंपाकघराच्या दारात तिनं मुंग्यांच्या खडूनं रेघ ओढली होती. पांढरी. दुधाकडे लक्ष ठेवा असं नवऱ्याला सांगून ती शेजारी विरजण आणायला गेली.

दौलू दाराशी आला. रेघ बघितली. रेघेच्या अलीकडे बसला आणि दुधाकडे लक्ष ठेवलं.

दूध तापलं. दूध वर आलं. दूध उतू गेलं, चूल विझली, सगळीकडे धूर झाला. दौलू जागचा हलला नाही. सारजा धावत आली तेव्हा पातेल्यात तळाला थोडी साय राहिली होती.

"अवो, लक्ष ठेवा म्हणलं हुतं न्हवं?"

"ठेवलं की," दौलू म्हणाला. "अगदी शेवटपर्यंत बघितलं."

सारजेनं कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं, कारण चिडून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तापून वर यायला लागलं की नुसतं बघत बसायचं नसतं, गार पाण्याचा हबका मारायचा, की लगेच खाली बसतं.

दौलूनं मान डोलवली, गाठ मारली. पुढच्या वेळी तसंच करतो, म्हणाला.

पुढची मॅच थंडीत होती. पहिला अर्धा वेळ काही झालं नाही. मग अवधूतला बॉल सापडला. त्यानं एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि कडेकडेनं जो पळत सुटला तो कुणाला आवरेना. माणसं उभी राहिली. दौलूच्या शेजारचा तुका न्हावी म्हणाला, "अवधूत तापला बघा आज. आता खाली बसत न्हाई त्यो."

दौलूनं अवधूतकडे नीट बघितलं. तोंड लाल झालं होतं, अंगातून वाफ निघत होती. पोरांना पिण्यासाठी ठेवलेली पाण्याची बादली जवळच होती. दौलूनं ती उचलली, पांढऱ्या रेघेच्या बाहेर पाय घट्ट रोवले आणि अवधूत समोरून जाताना सगळी बादली त्याच्या तोंडावर मारली.

अवधूत खाली बसला. सारजेनं सांगितलं होतं तसाच, लगेच.

बॉल बाहेर गेला. अवधूतला शिंका लागल्या. रणजितनं पलीकडे दोन गोल अडवले म्हणून बरं, शेवटी एका पेनल्टीवर मॅच जिंकली. यावेळी समजवायला तुका न्हावी आला. तो म्हणाला की आपल्या पोरांवर पाणी टाकत नाहीत. आपला खेळाडू समोरून आला की त्याच्यावर गुलाल टाकायचा आणि पुढं नाचायचं. जगात सगळीकडे हीच रीत आहे.

दौलूनं टॉवेलाला गाठ मारली आणि जाताना बाजारातून पिशवीभर गुलाल घेतला.

उपांत्य सामन्यात अवधूतनं लवकरच गोल मारला. पण मारता मारता त्याचा पाय मुरगळला. त्याला उभं राहता येईना. मैदानात दुखापत झालेल्या माणसाला न्यायला काही नव्हतं, म्हणून चौघांनी रंगकामाची शिडी आणली, त्यावर अवधूतला आडवं केलं आणि शिडी खांद्यावर घेऊन निघाले.

दौलूला तो समोरून येताना दिसला. आपलाच खेळाडू. दौलूनं ओंजळ भरून गुलाल टाकला. मग आणखी टाकला. मग शिडीच्या पुढं नाचायला लागला. गुलाल डोळ्यांत गेला म्हणून अवधूतनं डोळे मिटून घेतले आणि हात छातीवर ठेवून निपचित पडला.

अवधूतची आई लांब, बायकांच्यात बसली होती. तिला तिथून काय दिसलं, तर चौघांच्या खांद्यावर आडवा पडलेला आपला मुलगा, डोळे मिटलेले, आणि अंगभर गुलाल.

तिनं हंबरडा फोडला. तो ऐकून बाकीच्या बायकांनी फोडला. समोरच्या संघाची पोरं रांगेत माना खाली घालून उभी राहिली. रेफ्रीनं खेळ थांबवला. दोघे जण गोवऱ्या कुठं मिळतील याची चौकशी करायला निघालेसुद्धा. एवढ्यात अवधूत उठून बसला आणि माझ्या डोळ्यांत काय घातलंय असं त्यानं विचारलं. तेव्हा त्याची चुलती बेशुद्ध पडली, आणि मग त्याच शिडीवरून तिला न्यावं लागलं.

मॅच हेरवाडीनं जिंकली. पण जिंकल्याचा आनंद करायचं कुणाला बळ उरलं नव्हतं.

अवधूतचे वडील सज्जन होते. ते रागावले नाहीत. दौलूच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले की माणसाचे चेहरे बघायला शिकावं. चार माणसं गंभीर होऊन बसलेली दिसली की नाचू नये. आपणही तोंड बारीक करावं, जवळ बसावं, हात हातात घ्यावा आणि म्हणावं की झालं ते झालं, देवापुढं कुणाचं चालत नाही, आता मागं राहिलेल्यांनी सावरायचं.

दौलूला ते शब्द फार आवडले. त्यानं ते पाठ केले.

त्याच आठवड्यात राजश्रीला बघायला पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, माणसं शांत, घरचा ऊस. सारजेनं पहाटेपासून घर सारवलं होतं, पोह्यांची तयारी केली होती. राजश्री नवी साडी नेसून आत बसली होती. तिला मुलगा फोटोत आवडला होता, पण तसं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पाहुणे सतरंजीवर ओळीनं बसले. मुलीच्या घरी पहिल्यांदा आलेले पाहुणे जसे बसतात तसेच, पाठ ताठ करून, गंभीर.

दौलू डेअरीतून आला. दारातूनच त्यानं चेहरे बघितले. टॉवेल सावरला, तोंड बारीक केलं आणि मुलाच्या वडिलांपाशी जाऊन बसला. त्यांचा हात हातात घेतला.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "देवापुढं कुणाचं चालत न्हाई. आता मागं राहिलेल्यांनी सावरायचं."

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "कोण गेलं?"

दौलूनं विचार केला. "ते मला कुणी सांगितलं न्हाई."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाची आत्या म्हणाली, घरात सुतक असताना यांनी आपल्याला बोलावलं कसं. सारजा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येईपर्यंत पाहुणे चपला घालून रस्त्याला लागले होते.

राजश्री आतल्या खोलीत रडायला लागली. रणजित सायकल घेऊन एसटी स्टँडवर गेला. त्यानं मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलं, रेफ्रीपासून शिडीपर्यंत. वडील आधी ऐकत राहिले, मग हसायला लागले, ते पोटाला हात लावून बाकावर बसेपर्यंत. एवढा सरळ व्याही मिळणार असेल तर कशाला सोडायचा, असं म्हणून ते सगळ्यांना घेऊन परत आले. पोहे गार झाले होते, पण लग्न ठरलं.

दौलूला मात्र लेकीचं रडणं लागलं होतं. तो गोठ्यात जाऊन बसला. सारजा त्याच्यापाशी आली, तेव्हा तो म्हणाला, "सारजे, एकदा नीट सांग. पाहुणे आले की काय करायचं असतं?"

सारजेनं नीट सांगितलं. पाहुणे दारात आले की हसायचं. दारात कुणी आडवं उभं असेल तर त्याला बाजूला करायचं. 'या, आत या' म्हणायचं. आणि लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही.

दौलूनं टॉवेलाला गाठ मारली. ही त्यानं दोनदा आवळली.

अंतिम सामना हेरवाडीच्याच मैदानावर होता. समोर शहरातलं कॉलेज, दरवर्षी ढाल नेणारं. अवधूत मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधून खेळायला उतरला होता. पंचक्रोशीतली माणसं आली होती, झाडांवर जागा उरली नव्हती.

इंगवले सरांनी दौलूचा विचार आदल्या दिवशीच करून ठेवला होता. घरी बसवावं तर रणजित म्हणाला की मामा नसेल तर माझं लक्ष लागणार नाही. म्हणून सरांनी त्याला रणजितच्या गोलच्या मागं, रेघेच्या बाहेर बसवला. काठी काढून घेतली, बादल्या लांब नेल्या, खिशात गुलाल नाही हे बघितलं. हातानं करण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही, याची खात्री करून मग सर आपल्या जागी गेले.

खेळ चांगला झाला. शहराच्या पोरांनी मारलेला प्रत्येक बॉल रणजितनं अडवला. हाफटाइमला बाजू बदलल्या, तसा सरांनी दौलूलाही नेऊन रणजितच्या नव्या गोलमागं बसवला. दुसरा अर्धा वेळही संपत आला, तरी कुणाचा गोल झाला नाही. माणसं नखं खात होती. कर्ण्यावरून गावचे मराठीचे मास्तर मॅचचं वर्णन करत होते. वर्णन करता करता त्यांचाही आवाज बसला होता.

शेवटच्या क्षणाला शहराच्या एका उंच पोराला मधोमध बॉल मिळाला. हेरवाडीचे सगळे पुढं गेलेले. तो एकटाच गोलकडे पळत सुटला.

"पाहुणा संघ निघाला," मास्तर कर्ण्यावर म्हणाले. "पाहुणे जवळ आले. पाहुणे गोलच्या दारात आले. दारात एकटा रणजित आडवा उभा आहे."

मागं बसलेला दौलू उठून उभा राहिला.

आता रणजितचं एक होतं. लहानपणापासून तो गोठ्यात वाढला होता. मामा सरक म्हणाला की का म्हणून विचारायचं नाही, आधी सरकायचं, कारण अशा वेळी मागून बहुधा म्हैस येत असते. हे त्याच्या हाडात भिनलं होतं.

"रणजित," दौलू म्हणाला, "सरक बाजूला."

रणजितनं एकदम बाजूला उडी मारली.

गोल मोकळा झाला. तो उंच पोरगा इतका चकित झाला की पळता पळता थांबलाच. दौलू त्याच्याकडे बघून हसला.

"या," तो म्हणाला. "आत या."

पोरानं बॉल पायानं हळूच आत ढकलला. रेफ्रीनं गोलची शिट्टी मारली आणि लगेच खेळ संपल्याचीही मारली.

मास्तरांनी कर्णा बंद केला. रणजित गोलमध्ये बसून राहिला. त्याला रडू येत होतं, आणि मामाचा हसरा चेहरा डोळ्यासमोर आला की हसूही येत होतं. मग गाव भानावर आलं आणि दौलूला शोधायला लागलं. घरी नव्हता. गोठ्यात नव्हता. कुणीतरी सांगितलं, पाहुण्यांच्या बसपाशी आहे.

सगळं गाव बसकडे निघालं. मामाला कुणी हात लावू नये म्हणून रणजित सगळ्यांच्या पुढं पळत होता. दौलू बसच्या दारात उभा होता. ढाल मोठी होती, दारातून आत जात नव्हती. दौलूनं ती तिरकी करून आत सारली, सीटवर नीट ठेवली, हलू नये म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्याखाली दिला. मग कुणी रिकाम्या हातानं तर चाललं नाही ना, हे एकेकाला विचारलं.

इंगवले सर धापा टाकत येऊन पोचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दौलू," ते म्हणाले, "काय केलंस हे?"

दौलूनं त्यांना हळूच कोपरानं ढोसलं आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,

"सर, जरा हसा. पाहुणे बघायला लागलेत."