चार आणि चार ओहम

वाद्यांचं बोलणं माणसांना कळत असे, त्या काळची गोष्ट. वसईच्या एका वाद्यवृंदात गिटारचा एक दमदार अँप्लिफायर होता. निदान आठ ओहमचा स्पीकरच त्याला चालायचा. त्याहून कमी ओहमचा स्पीकर वीज पुरेशी अडवत नसे, आणि अँप्लिफायर तापत असे.

सणाच्या संध्याकाळी कार्यक्रमाआधीच त्याचा आठ ओहमचा स्पीकर फाटला. उरले ते चार-चार ओहमचे दोन.

"मला एकट्यालाच जोडा," पहिला म्हणाला. "मैदान दणाणून सोडतो!"

"याच्यापेक्षा मी बरा," दुसरा फुशारला.

गिटार वाजवणाऱ्या सिल्व्हियाने पहिल्याला जोडलं. आवाज घुमला खरा, पण अँप्लिफायरमधून जळका वास येताच तिने घाबरून बटण बंद केलं.

"भित्रा कुठला!" पहिला स्पीकर अँप्लिफायरवर ओरडला.

"मी आठ ओहमचा आहे," अँप्लिफायर ताठ मानेने म्हणाला. "ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही. मी जळलो, तर तुम्ही दोघंही मुके व्हाल. सिल्व्हिया, यांना एकामागे एक जोड. चार आणि चार आठ होतील."

"म्हणजे माझ्या वाट्याला निम्मीच ताकद?" पहिल्याने विचारलं.

"निम्मीच."

त्याने मुक्या पडलेल्या फाटक्या स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाला, "जोड, बाई."

सिल्व्हियाने तार छेडली. लोक टाळ्या वाजवत उठले.

"कोणता स्पीकर वाजतोय गं?" कुणीतरी विचारलं.

"आम्ही!" दोघंही अभिमानाने म्हणाले.